कोट आणि कडं

कैद केलेल्या राजाचं चित्र छापायचं तर त्याला बसवायचं कशावर, हा चित्रकारापुढचा पहिला पेच. सिंहासन आता त्याचं राहिलेलं नसतं. जमिनीवर बसवावं तर राजा धरल्याचा तोरा जातो, कुणी दरोडेखोर सापडला एवढंच वाटतं. मग खुर्ची. झुलूंचा राजा सेत्श्वायो १८७९च्या ऑगस्टात इंग्रजांच्या हाती लागला आणि पुढच्या तीन वर्षांत त्याची जी रेखाचित्रं, लाकडी ठशांवरची चित्रं आणि फोटो निघाले, त्यांत ही साधी युरोपीय खुर्ची पुन्हा पुन्हा दिसते. तिच्यात तो भरून उरलेला असतो. रुंद छाती, भक्कम मांड्या, आखूड दाढी. चेहऱ्यावर राग नाही आणि अजिजीही नाही. फार वेळ वाट पाहायला लावलेल्या पण ते बोलून न दाखवणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे.

कपडे मात्र बदलत राहतात. कुठे अंगाभोवती नुसतं कापड गुंडाळलेलं, कुठे जाकीट-पाटलोण, कुठे काळा फ्रॉककोट. या सगळ्या अदलाबदलीत एक गोष्ट हलत नाही. कपाळाच्या वर, केसांत बसवलेलं एक काळं कडं. पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ वाटावी, असं. ज्याला ठाऊक नाही तो वाचक त्याला टोपीचा काठ समजेल किंवा काहीच समजणार नाही. मीही बराच काळ तिकडे नीट पाहिलं नव्हतं. चित्रात राजा असला की आपण मुकुट शोधतो, मुकुट नसला की दागिने, आणि तेही नसले की चेहरा.

झुलू भाषेत या कड्याला इसिकोको म्हणतात. तंतू केसांत गुंफून, त्यावर डिंक किंवा मेण चढवून, चरबीने घासून ते काळं चकचकीत करत. ते माणसाच्या स्वतःच्या केसांत शिवलेलं असे, म्हणजे रात्री उतरवून खुंटीला टांगायची वस्तू नव्हे. काढायचं तर कापावंच लागे. आणि हे कडं कुणीही आपल्या मर्जीने घालत नसे. झुलू राज्यात एका वयाच्या मुलांची एक पलटण होई. ती मुलं राजाची गुरं राखत, राजाची शेतं कसत, राजासाठी लढत. पुढे कधीतरी, बरेचदा पस्तिशीच्या आसपास, राजा अख्ख्या पलटणीला एकदम परवानगी देई: आता कडं घाला, लग्नं करा. कडं म्हणजे पुरुष घरधनी झाल्याची खूण. पण त्याहून अधिक म्हणजे, ते कधी व्हायचं हे राजाने ठरवल्याची खूण. शाकाने बांधलेल्या राज्याचं सगळं यंत्र या कड्याभोवती फिरत होतं. कोणत्या तरुणाला कधी घर मांडायला मिळणार, कोणत्या घरात कधी मूल जन्मणार, कोणत्या वर्षी किती भाले उभे राहणार, सगळं.

या यंत्राचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. १८५६च्या डिसेंबरात तुगेला नदीकाठी न्दोंदाकुसुका इथे सेत्श्वायोने गादीसाठी आपल्या भावाचा, म्बुयाझीचा, पाडाव केला तेव्हा पाठीमागे नदी असल्यामुळे पळायला जागा न मिळालेली हजारो माणसं मेली. त्यांत बायका-मुलं होती. १८७६ साली मुलींच्या एका पलटणीला वयस्क पुरुषांशी लग्न लावायचा हुकूम झाला. काहींनी तो मोडला आणि त्यांतल्या काहींना जीव गमवावा लागला. सेत्श्वायो हा राजा होता, संत नव्हता. पण त्याच्याविरुद्ध ज्यांनी हे सगळं मोजून लिहून ठेवलं, त्यांच्याही हिशेबाच्या वह्या असतात.

ही चित्रं बनत कशी, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी खिळ्यांच्या छपाईच्या शेवटच्या काळात एका साप्ताहिकात काम केलं आहे, त्यामुळे छापलेलं चित्र दिसलं की आधी त्याची पाठ पाहावीशी वाटते. १८७९ साली फोटो होते, पण फोटो मजकुराच्या खिळ्यांबरोबर छापता येत नव्हता. हाफटोन ब्लॉकची पद्धत रुळायला अजून काही वर्षं होती. लढाईवर गेलेला चित्रकार घोड्यावरून, तंबूत, मिळेल तिथे पेन्सिलीने रेखाटन करी आणि कडेला शब्द लिही: इथे गवत उंच, इथे धूर, हा काळा घोडा. ते रेखाटन टपालाने बोटीवर चढे. लंडनला कचेरीतला दुसरा चित्रकार ते नीटनेटकं करून बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर उतरवी. बॉक्सवूडचं झाड बारीक खोडाचं, म्हणून मोठ्या चित्राला अनेक छोटे ठोकळे मागून स्क्रूने जोडलेले असत. घाई असली की ते सुटे करून एकेकाला वाटून टाकत. एक कारागीर आकाश कोरी, दुसरा झाडी, सर्वांत हुशार हात चेहऱ्यांवर बसे. मग ठोकळे पुन्हा आवळून जोडावरच्या रेषा जुळवत. जुन्या अंकांतली मोठी चित्रं उजेडाकडे तिरकी धरली तर कधीकधी हे सांधे पांढऱ्या केसासारखे दिसतात. म्हणजे लंडनच्या वाचकाने पाहिलेला झुलू हा तुगेलापलीकडच्या कुणी एकट्याने पाहिलेला झुलू नव्हता. त्यातला भाला एकाने कोरलेला, ढाल दुसऱ्याने, आणि दोघांपैकी कुणी आफ्रिका पाहिलेली असण्याचं कारण नव्हतं.

आमच्या साप्ताहिकात नेत्यांचे जस्ताचे ब्लॉक एका फळीवर मांडलेले असत. निवडणूक आली की तेच, वाढदिवस आला की तेच, गेले तरी तेच. एक गृहस्थ तर आमच्या अंकात सलग बारा वर्षं एकाच वयाचे होते. एकदा नाव सारखं असलेल्या दुसऱ्याच माणसाच्या निधनाच्या बातमीवर त्यांचा ब्लॉक चढला, आणि ते स्वतः कचेरीत चालत आले. चहा घेऊन गेले, हे त्यांचं मोठेपण. छापखान्यात चेहरा हा शेवटी फळीवरचा ठोकळा असतो, आणि हाताला लवकर लागेल तो ठोकळा खरा.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ला तर मराठी माणसाने या बाबतीत कायम लक्षात ठेवावं. १८५७च्या धामधुमीत कानपूरच्या नानासाहेब पेशव्यांचा चेहरा सगळ्या इंग्लंडला पाहायचा होता. त्या पत्राने तो दाखवला. पगडी, दागिने, भरलेला देह, सगळं जिथल्या तिथे. तो चेहरा मात्र मीरतच्या एका सावकाराचा होता. जॉन लँग नावाच्या हिंदुस्थानात वकिली केलेल्या गृहस्थाकडे त्या सावकाराचं रंगीत चित्र होतं, ते कामी आलं. कानपूरच्या हत्यांबद्दल संतापलेल्या हजारो घरांनी महिनोन्‌महिने एका निरुपद्रवी सावकाराच्या तोंडाकडे पाहून दात खाल्ले. नानासाहेब कधी सापडलेच नाहीत. ते सापडते तर कुणी ओळखले असते का, हा प्रश्न मला गमतीचा वाटतो.

सेत्श्वायोच्या बाबतीत निदान माणूस तोच होता. पण पकडला जाण्याआधीचा तो आणि नंतरचा तो यांची छपाई वेगळी. आधी तो क्रूर, लठ्ठ, रक्ताला चटावलेला जुलमी. २२ जानेवारी १८७९ला इसांडल्वानाच्या डोंगराखाली झुलू सैन्याने इंग्रजी छावणी कापून काढली आणि त्या बाजूची तेराशेहून अधिक माणसं पडली. त्यांत नाताळ वसाहतीतून भरती केलेले काही शे काळे शिपाईही होते. केपपर्यंत तार पोचलेली नसल्याने ही बातमी लंडनला ११ फेब्रुवारीला कळली. बातमीला वीस दिवस लागले, चित्रांना आणखी. ‘पंच’मध्ये तेव्हा टेनिएलचं एक व्यंगचित्र आलं. त्यात झुलू योद्धा मास्तर झाला आहे आणि जॉन बुल, म्हणजे खुद्द इंग्लंड, विद्यार्थी होऊन स्टुलावर बसला आहे. शत्रूला तुच्छ लेखू नये, हा पाटीवरचा धडा. चित्र बोचरं आहे आणि प्रामाणिकही. पण त्यातही झुलू आपल्या उपयोगाचा आहे, आपल्याला काही शिकवून जाण्यापुरता.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा मेल्टन प्रायर आणि ‘ग्राफिक’चा चार्ल्स फ्रिप हे त्या लढाईवरचे नावाजलेले चित्रकार. मे महिन्यात इसांडल्वानाच्या रणावर प्रेतं पुरायला तुकडी गेली, तेव्हा प्रायर सोबत होता. चार महिने उन्हापावसात पडलेल्या मैदानाचं रेखाटन त्याने केलं. ४ जुलैला उलुंडीची शेवटची लढाई झाली, तीत त्याची रेखाटनांची वही हरवली आणि त्याला आठवणीने आणि दुसऱ्यांच्या मदतीने पुन्हा चित्रं जुळवावी लागली. ती लढाई फार वेळ चाललीही नव्हती. चौकोनी व्यूह, गॅटलिंग तोफा, आणि मग राजाच्या हजाराहून अधिक झोपड्यांच्या वसाहतीला लावलेली आग. पेटती उलुंडी हा चित्रकारांना मानवणारा विषय, धुराच्या रेषा सोप्या असतात.

या सगळ्याचा आरंभ करणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. मुंबईच्या जुन्या टाउन हॉलात, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढून गेलं की संगमरवरी साहेबांची एक छोटी पलटणच भेटते. त्यांत सर बार्टल फ्रियर आहेत, थॉमस वुल्नरच्या हातचे. १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर. कोटाच्या भिंती यांच्याच काळात पाडल्या आणि कापसाच्या पैशाने शहर भिंतीबाहेर सांडलं. फ्लोरा फाउंटनलाही आधी यांचंच नाव द्यायचं घाटत होतं. पण मला फ्रियर आठवतात ते साताऱ्यामुळे. १८४८च्या एप्रिलात शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले तेव्हा ते तिथे रेसिडेंट होते. महाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला होता आणि फ्रियरचं मत पडलं की दत्तकाचा हक्क खरा आहे. हे मत त्यांनी वर कळवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही, छत्रपतींचं राज्य खालसा केलं, आणि त्या खालसा राज्याचा कारभार पाहायला नेमलं ते फ्रियरनाच. त्यांनी तो नेकीने पाहिला, असं म्हणतात. म्हणत असतील.

तीस वर्षांनी हेच गृहस्थ दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर होते. तिथल्या वसाहती एका सूत्रात बांधायच्या होत्या, आणि त्या सूत्रात स्वतंत्र झुलू राज्याची गाठ नको होती. लंडनच्या सरकारला त्या वेळी झुलूंशी लढाई नको होती. अफगाणिस्तानात नुकतंच युद्ध सुरू झालेलं. पण तारेच्या अभावी लंडन आणि केप यांच्यात जे आठवडे पडत, ते फ्रियरनी वापरले. ११ डिसेंबर १८७८ला तुगेलाच्या काठी एका अंजिराच्या झाडाखाली राजाच्या वकिलांना बोलावून निर्वाणीचा खलिता वाचून दाखवण्यात आला. सैन्य मोडा. पलटणी मोडा. पुरुषांना हवं तेव्हा लग्न करू द्या. ब्रिटिश रेसिडेंट ठेवून घ्या. मुदत तीस दिवस.

म्हणजे खलित्याने राजाकडे काय मागितलं? सरळ सांगायचं तर कडं मागितलं. ते केव्हा द्यायचं हा अधिकार सोडून द्या, म्हणजे राज्य आपोआप विरघळेल. फ्रियर मूर्ख नव्हते. साताऱ्यात त्यांनी पाहिलं होतं की गादी दत्तकावर, लग्नावर, वारशावर उभी असते. तोफांचा नंबर नंतर लागतो. एके काळी ज्या माणसाने दुसऱ्यांचा वारसा जपण्यासाठी लेखणी चालवली, त्यालाच पुढे बरोबर ठाऊक होतं की राज्याचा कोणता टाका उसवायचा. दोन फ्रियर वेगळे होते असं त्यांचे चाहते म्हणतील. मला ते एकच वाटतात. युद्ध अंगाशी आल्यावर लंडनने त्यांच्यावर ठपका ठेवला, पुढे परतही बोलावलं. पुतळा मात्र टाउन हॉलात आधीच बसला होता.

उलुंडी जळल्यावर राजा नाहीसा झाला. नवा सेनापती सर गार्नेट वुल्सली याला राजा हातात असल्याशिवाय युद्ध संपलं असं म्हणता येईना. घोडदळाच्या तुकड्या रानोमाळ हिंडल्या. गावं धुंडाळली, गुरं ओढून नेली, माणसांना चाबकाने फोडलं. त्यांच्याबरोबरच्या दुभाष्यानेच पुढे सांगून ठेवलं आहे की लोक मार खात आणि सांगत नसत. ज्या राजाच्या जुलमातून त्यांना सोडवायचं म्हणून युद्ध केलं होतं, त्याच राजाचा ठावठिकाणा ते पाठीवर वळ उठले तरी देत नव्हते. साप्ताहिकांना या पाठी काढायला सुचलं नाही. सुचलं असतं तरी संपादकाने त्या पानावर दुसरं काही लावलं असतं, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

२८ ऑगस्टला न्गोमेच्या जंगलातल्या एका लहान वस्तीत तो सापडला. मेजर मार्टरचे घोडेस्वार खणखणाट होऊ नये म्हणून तलवारींची म्यानं मागे ठेवून डोंगराचा उतार उतरले होते. राजा झोपडीतून बाहेर आला तो रांगत, कारण झुलू झोपडीचं दार तेवढंच असतं, आणि मग उभा राहिला. पकडणारा कोणत्या दर्जाचा अधिकारी आहे, हे त्याने विचारून घेतलं. पकडणाऱ्यांनीच लिहिलेल्या हकिकतींत इथे सूर बदलतो. तो ताठ चालत होता, त्याला हात लावायला शिपायांना संकोच वाटला, असं काहीबाही यायला लागतं. बंदी झालेला शत्रू मोठा दिसायला लागतो. लहान माणसाला पकडल्याचं कौतुक कोण करील?

त्याला वुल्सलीच्या छावणीत आणलं ३१ ऑगस्टला आणि लगेच समुद्राकडे रवाना केलं. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, त्याच जळालेल्या उलुंडीत वुल्सलीने झुलू सरदारांना गोळा करून राज्याचे तेरा तुकडे जाहीर केले. तारीख ठरवून निवडलेली होती. बरोब्बर सहा वर्षांपूर्वी, १ सप्टेंबर १८७३ला, नाताळ सरकारच्या थिओफिलस शेपस्टोनने याच सेत्श्वायोच्या डोक्यावर चकचकीत नकली मुकुट ठेवून त्याचा राज्याभिषेक केला होता. त्या मुकुटाचं पुढे काय झालं याची कुणी फारशी फिकीर केली नाही. राजानेही केली नसावी. त्याच्या डोक्यावर ठेवण्याजोगं जे होतं ते आधीपासून होतं.

‘नाताळ’ नावाच्या बोटीने त्याला केपटाउनला नेलं आणि तिथल्या जुन्या डच किल्ल्यात ठेवलं. मग रांगच लागली. साहेब, मडमा, पत्रकार, चित्रकार. किल्ल्यात राजा बघायला जायचं, हा केपटाउनच्या फेरफटक्याचा भाग झाला. लंडनमध्ये त्याच वर्षी फारिनी नावाचा खेळवाला खऱ्याखुऱ्या झुलूंना रॉयल अक्वेरियममध्ये आणून तिकीट लावून दाखवत होता. किल्ल्यातल्या बघ्यांकडे तिकीट नव्हतं, ओळखीचं पत्र होतं.

पण इथे एक गोष्ट झाली, जी चित्रांना करता येत नव्हती. राजा बोलला. त्याच्यावर नेमलेले कॅप्टन पूल यांनी त्याची हकिकत लिहून घेतली आणि ती १८८०च्या फेब्रुवारीत ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. झुलूंचे पूर्वज, शाका, डिंगान, बाप म्पांडे, स्वतःचं राज्य, शेवटी हे युद्ध, सगळं त्याच्या बाजूने. तो म्हणत होता की नाताळवर चालून जायचं मी माझ्या सैन्याला सांगितलंच नव्हतं. हे खरं होतं. इसांडल्वानाहून काही पलटणी पुढे रोर्क्स ड्रिफ्टला नदी ओलांडून नाताळात शिरल्या त्या त्याच्या हुकमाबाहेर. त्याने केपच्या गव्हर्नरला, विलायतेतल्या मंत्र्यांना पत्रं लिहवून पाठवली. नाताळचे बिशप कोलेन्सो मुलीसह त्याला भेटायला आले. ते आयुष्यभर झुलूंच्या बाजूने भांडले आणि त्यापायी गोऱ्यांच्या वसाहतीत एकटे पडले. विलायतेत विरोधी पक्षाच्या ग्लॅडस्टनने निवडणुकीच्या सभांत दहा हजार झुलूंच्या मरणाचा जाब विचारला आणि निवडणूक जिंकली. १८८१ साली राजाला किल्ल्यातून हलवून औडे मोलेन नावाच्या शेतवाडीवर ठेवलं. शेजारच्या वाडीवर लांगालिबालेले होता, ह्लुबी लोकांचा प्रमुख, त्याच्याही आधी कैद झालेला. दोघांच्या मध्ये काही एकर वाळू.

चित्रांखाली नाव छापत त्याचं. ते नाव इंग्रज लोक पाच-सात तऱ्हांनी लिहीत. त्यातला पहिला आवाज आपण हळहळताना जीभ दातांना लावून ‘च्च’ करतो तसा आहे आणि तो रोमन लिपीत मावत नाही. देवनागरीतही मावत नाही. मी लिहिलेलं सेत्श्वायो त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.

१८८२च्या ऑगस्टात त्याला लंडनला नेलं. राज्य परत मिळण्याची बोलणी करायला. केन्सिंग्टनमधल्या मेलबरी रोडवर १८ नंबरच्या घरात त्याला उतरवलं. चित्रकारांचीच वस्ती ती. त्या घरात पुढे होल्मन हंट राहिला, आणि आज भिंतीवर दोघांच्याही नावाच्या निळ्या तबकड्या आहेत. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने लंडन दातओठ खात होतं, त्याला पाहायला घराबाहेर गर्दी जमायची आणि तो खिडकीत आला की जयजयकार व्हायचा. चित्रांचाही सूर पुन्हा फिरला. आता तो हसरा, सज्जन, थोडा भाबडा पाहुणा. बासानोच्या स्टुडिओत त्याचे फोटो निघाले. युरोपीय कोट, नीट बसलेली कॉलर, आणि वर ते कडं.

१४ ऑगस्टला आईल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये तो राणी व्हिक्टोरियाला भेटला. राणीने तिच्या रोजनिशीत त्याच्या देहाचं आणि प्रसन्न चेहऱ्याचं कौतुक केलं आहे, आणि त्याचबरोबर तो काळा ओंगळ फ्रॉककोट आणि पाटलोण घालून आला याबद्दल हळहळही व्यक्त केली आहे. तिला झुलू वेशातला राजा पाहायचा होता. मला वाटतं, ही हळहळ म्हणजे त्या सगळ्या चित्रमालिकेची किल्ली आहे. पाहुणा आपल्यासारखा दिसला तर त्याला जिंकलं ते कशाचं? राणीने त्याला चांदीचा मोठा पेला भेट दिला आणि कार्ल रुडॉल्फ सोन या जर्मन चित्रकाराला त्याचं तैलचित्र करायला सांगितलं. ते चित्र आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात कोट नाही. गळ्यात नखांची माळ, उघडी कातडी, झुलू वेश. जे भेटीत मिळालं नाही ते चित्रात मिळवून घेतलं.

कोट त्याने का घातला असेल? भेट मागायला आलेल्या माणसाला ठाऊक असतं की आज ज्यांच्यासमोर बसायचं आहे ते कोटातल्या माणसाशी करार करतात आणि कातड्यातल्या माणसाचं चित्र काढतात. केपटाउनमध्ये तीन वर्षं लोक त्याला पाहून जात होते. पाहणारे काय पाहतात हे त्याला पाहणाऱ्यांपेक्षा अधिक कळलं असणार. पण कोट घातला म्हणून कडं कापलं नाही. एका न्हाव्याचं काम होतं ते. सोनने कोट काढला, कडं ठेवलं. बासानोने कोट ठेवला, कडंही ठेवलं. जे खलित्याने मागितलं होतं, तोफांनी मागितलं होतं, ते त्याने दिलेलं नाही, हे प्रत्येक अंकात छापून येत होतं आणि कुणीही वाचत नव्हतं.

राज्य परत मिळालं ते कापून. १८८३च्या जानेवारीत त्याला किनाऱ्यावर उतरवलं, तोवर दक्षिणेचा पट्टा सरकारने राखीव करून घेतला होता आणि उत्तरेत झिभेभु या त्याच्या वैऱ्याला स्वतंत्र ठेवलं होतं. सैन्य उभारायची बंदी. म्हणजे फ्रियरचा खलिता ग्लॅडस्टनच्या सहीने अमलात आला. २१ जुलैला पहाटे झिभेभुने राजाच्या ओंडिनी या वसाहतीवर छापा घातला. राज्यातले पन्नासाहून अधिक वडीलधारे सरदार त्या एका सकाळी मेले. ते म्हातारे होते, त्यांना पळता आलं नाही. राजाच्या मांडीत भाला लागला. तो मेला अशीच बातमी सगळीकडे गेली. ब्लॉकच्या फळीकडे जाणारा कुठल्यातरी उपसंपादकाचा हात मला इथे स्पष्ट दिसतो. राजा मात्र न्कांडलाच्या जंगलात लपून जगला होता. काही महिन्यांनी तो एशोवेला इंग्रज रेसिडेंटच्या आसऱ्याला आला.

तिथेच ८ फेब्रुवारी १८८४ला त्याला खरं मरण आलं. सकाळी ठीक होता, मग कोसळला. सरकारी डॉक्टरला विषाचा संशय होता. प्रेत उघडून पाहू द्या म्हणून त्याने विचारलं. घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं. कागदावर हृदयविकार लिहिला गेला, विषाची कुजबुज आजही थांबलेली नाही. पण त्या नकाराला कुणी धक्का लावला नाही. पाच वर्षं ज्याला वाटेल त्याने पाहिलं, मापलं, रेखाटलं, त्याच्या देहाबद्दल त्याच्या माणसांचं चाललेलं हे शेवटचं ‘नाही’. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडात फ्रियरही गेले. त्यांना सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये जागा मिळाली.

राजाचं प्रेत काही आठवड्यांनी बैलगाडीतून न्कांडलाच्या रानाकडे नेलं आणि तिथे पुरलं. ज्या गाडीतून नेलं ती पुन्हा कुणी जुंपली नाही, थडग्यापाशीच सोडून दिली. जागेची राखण आजूबाजूची घराणी करत आली आहेत. गाडी कुजत गेली, तिचे उरलेसुरले लाकडी तुकडे नंतर ओंडिनीच्या संग्रहालयात आणून ठेवले. ते मात्र कुणालाही पाहता येतात.